लवंगीचा तबेला

"फावड्याला हात लावायचा नाय," मामंजी म्हणाले. "लीद मी काढतो, गवत मी बदलतो. जमिनीला कोणी हात लावायचा नाय."

मी तबेल्याच्या दारात पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून उभी होते. होळी होऊन चार दिवस झाले होते. अंजनीची झाडं निळ्या फुलांनी लगडली होती आणि अख्ख्या माथेरानात घोडेवाल्यांची तबेले साफ करायची धांदल चालली होती. शेजारच्या नूरभाईंनी तर दोन दिवसांपूर्वीच चुना मारून टाकला होता.

"मामा, गुरुवारी डॉक्टर येणार."

"येऊ दे."

"मागच्या वर्षी काय बोलून गेले ते माहीत हाय ना? पुढच्या वर्षी तबेला असाच दिसला तर बिल्ला देणार नाय म्हणाले होते."

"डॉक्टर घोडी बघायला येतो. जमीन बघायला नाय येत." त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि घराच्या मागे नेऊन उभं केलं. सासरा मोठ्याने बोलला असता तर बरं वाटलं असतं. ह्या असल्या हळू बोलण्याचीच मला चीड यायची.

बिल्ला म्हणजे पितळेचा नंबर. तेव्हा आमच्याकडे हंगामाच्या तोंडावर गुरांचे डॉक्टर येऊन घोडे तपासायचे, तबेले बघायचे, आणि मग तो नंबर लगामाला लागायचा. बिल्ला नसेल तर घोड्यावर माणूस बसवायचा नाही. आमच्या घरात लवंगी ही एकच घोडी. भाकरीचा प्रश्न नव्हता, माझे हे हॉटेलात आचारी होते. पण ह्यांनी बापाला सरळ सांगून टाकलं होतं, "या साली बिल्ला गेला तर मी घोडी खाली विकणार. काम नसलेलं जनावर वर ठेवून काय करायचं?" मामंजींनी त्यावर फक्त मान हलवली होती. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली होती. त्या माणसाला लवंगीखेरीज दुसरं कुणी होतं असं मला दिसत नव्हतं. मुलाशी दिवसाला चार शब्द, माझ्याशी सहा आणि घोडीशी दिवसभर.

आता माझं सांगते. लग्न होऊन मला तीन महिने झाले होते. माहेर कर्जतजवळचं. माझ्या आईच्या चुलीपुढे सांडलेलं दूध चाटून घ्यावं इतकी ती जमीन स्वच्छ असायची आणि मी आईच्या वरताण. आठ वर्षं बाईचा हात न लागलेलं ते घर मी पंधरा दिवसांत असं घासून काढलं की हे म्हणाले, "अगं, जरा दमानं. भिंती झिजतील." गावात माझं नाव झालं. आळीतल्या बायका मुद्दाम येऊन माझी मोरी बघून जायच्या. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? आणि अशा घराला लागून तो तबेला!

तो घाणेरडा होता असं कुणी म्हणालं तर मामंजींना राग आला असता, कारण लीद ते दिवसातून दोनदा काढायचे. पण त्याखालची जमीन कित्येक वर्षांत कुणी खणली नव्हती. मूत पिऊन पिऊन ती काळी, मऊ झाली होती. घोडी जिथे उभी राहायची तिथे तिच्या खुरांचे चार खळगे पडले होते आणि ती बरोबर त्याच चार खळग्यांत पाय ठेवून उभी असायची. गव्हाण अंधाऱ्या कोपऱ्यात. मधला खांब तिने अंग घासून घासून तेलकट केलेला. आणि गव्हाणीच्या वर मामंजींचं एक जुनं कांबळं खिळ्याला टांगलेलं. त्याचा मूळ रंग कोणता होता हे देवाला ठाऊक. रोज सकाळी मी तिच्या चंदीचं, भिजवलेल्या हरभऱ्याचं, टोपलं घेऊन गेले की दारातच डोळे चुरचुरायचे.

"ते कांबळं तरी धुवायला द्या," मी एकदा म्हणाले होते.

"राहू दे. तिला आवडतं."

लाडच एवढे की सांगता सोय नाही. बाकीचे घोडेवाले घोडा मोकळा सोडून बिडी ओढत मागून चालायचे. मामंजींचा हात लगामावरून कधी सुटायचा नाही. पर्यटकांना घेऊन ते फक्त बाजारापासून तळ्यापर्यंतच्या सपाट वाटेने जायचे आणि तेही लहान मुलांना घेऊन, हळूहळू. लवंगीच्या कपाळावर त्यांनी लाल लोकरीचे जाडजूड गोंडे बांधले होते. ते डोळ्यांवर यायचे. मी म्हणायचे, नवरीसारखी नटवलीय. ते हसायचे नाहीत.

बुधवारी सकाळी ते लवंगीला घेऊन दस्तुरी नाक्यावर गेले. नाल ठोकणारा खालून तिथे येऊन बसायचा आणि हंगामाच्या आधी त्याच्यापुढे घोड्यांची रांग लागायची. म्हणजे दुपार टळेपर्यंत ते परत येणार नव्हते. हे कामावर निघताना मला म्हणाले, "चुन्याची पिशवी पडवीत ठेवलीय. फिनेल पण हाय, हॉटेलातलं."

"मामा नको म्हणतात."

"म्हातारा सगळ्यालाच नको म्हणतो. उद्या डॉक्टर आला आणि बिल्ला गेला, की मग तूच त्याचं तोंड बघत बसशील दिवसभर. मी नाय."

मला एवढंच हवं होतं. पाठीमागून कुणी होय म्हणालं की माझे हात थांबायचे नाहीत.

सगळ्यात आधी मी गवत बाहेर काढलं आणि ते कांबळं त्यावर टाकून पेटवून दिलं. मग फावडं घेतलं. वरचा थर सहज निघाला. त्याखाली मात्र माती ओल्या गुळासारखी चिकट होती आणि तिच्यातून असा दर्प उसळला की मी बाहेर येऊन दोनदा ओकले. पण सोडलं नाही. हातभर खणलं. टोपल्या भरून मागच्या उतारावर ओतल्या. साठपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. खळगे गेले. खांब विळ्याने खरवडला तेव्हा आत चांगलं साफ लाकूड निघालं. गव्हाण जड होती. ती मी एकटीने ढकलत ढकलत दाराच्या उजव्या हाताला उजेडात आणली. जनावराला खाताना उजेड नको? मग सगळीकडे फिनेलचं पाणी, भिंतींना चुन्याचे दोन हात, वरून नवी तांबडी माती. ती पाणी शिंपडून धुमसाने चोपली. अंगणासारखी गुळगुळीत जमीन झाली. शेवटी आंब्याच्या पानांचं तोरण करून दाराला बांधलं. पाडवा आठ दिवसांवर होता, पण मला दम कुठला?

नूरभाई कुंपणापाशी येऊन बघून गेले. "वहिनी, ह्याच्यात तर माणूस ऱ्हाईल," म्हणाले. मी हातांचे फोड बघत उंबऱ्यावर बसले. असं समाधान मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालंय. म्हातारा येईल, आधी ओरडेल, मग आत जाऊन बघेल आणि गप्प होईल. उद्या डॉक्टर येतील आणि बिल्ला देतील. लवंगी घरात राहील. सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा नवे नाल वाजत आले. वळणावरच लवंगी थांबली. मान वर करून नाकपुड्या फुगवल्या. मामंजीही थांबले. त्यांनी वास घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं छातीत काही झालं.

"काय केलंस, पोरी?"

"तबेला साफ केला, मामा. बघा तरी आत येऊन."

"कांबळं?"

"जाळलं."

त्यांनी लगाम धरून लवंगीला दारापर्यंत आणलं. ती उंबऱ्यापाशी अडली, फुरफुरली, मागे सरली. मामंजींनी तिच्या मानेवर थोपटलं, अंगातला सदरा काढून तिच्या नाकाशी धरला आणि तो धरूनच पाठमोरे आत शिरू लागले. ती एक पाऊल आत आली. दुसरं टाकलं. मग रोजच्या सवयीने गव्हाणीच्या जुन्या जागेकडे जायला उजवीकडून वळली आणि छातीने थेट गव्हाणीच्या कडेवर आपटली. गव्हाण तिथे आधी कधीच नव्हती. लवंगी किंचाळली. घोडं किंचाळताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली, नवे नाल त्या ओल्या चोपलेल्या जमिनीवर सटकले आणि ती पुढच्या गुडघ्यांवर खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

नूरभाई धावत आले. दोघांनी मिळून तिला कसंबसं बाहेर काढलं. डावा पुढचा पाय तिने टेकवलाच नाही. ओढाताणीत गोंड्यांची पट्टी तुटून पडली होती. पहिल्यांदाच तिचे डोळे मला पूर्ण दिसले. दोन्ही दुधासारखे पांढरे होते. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर उभी होते आणि ती माझ्यातून आरपार कुठेतरी बघत होती.

"मामा," मी म्हणाले, "हिला दिसत नाय?"

"नाय."

"कधीपासून?"

"एक डोळा गेला त्याला दोन वर्षं झाली. दुसरा गणपतीत गेला." ते जमिनीवर बसले होते, उघडेच. "वाट तिला पाठ हाय. माझा हात असतो तोंडाशी. आणि घरात नाकाने चालते. खळग्यात पाय पडले की तिला कळतं, आलो. कांबळं नाकाला लागलं की कळतं, खायचं इथं. तेवढ्यावर चाललं होतं. डॉक्टर घाईत पाय-पाठ बघून जातो, गोंडे कधी वर करत नाय."

"मला सांगायचं होतं ना!"

"कुणाला सांगणार? पोराला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विकली असती. तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. बायकोनं नवऱ्याला सांगायचंच असतं."

यावर मला राग आला, आणि रागाबरोबर दुसरंच काही डोक्यात आलं. "मामा, तुम्ही हिच्यावर मुलं बसवत होता. लोकांची मुलं."

त्यांनी आपला हात उलटा करून बघितला. "माझा हात होता लगामाला," म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले, पण आधीपेक्षा हळू.

संध्याकाळ होईपर्यंत आम्ही दोघांनी एक वेड्यासारखं काम केलं. मागच्या उतारावर जाऊन मी ओतलेली माती टोपल्यांत भरून परत आणली. ते भरत होते, मी वाहत होते. काळी माती तांबड्यावर पसरली, गव्हाण जुन्या जागी ढकलली, मामंजींनी हाताने चार खळगे उकरले. पण भिंतींचा चुना कसा काढणार? फिनेल तर लाकडात मुरलं होतं. कांबळ्याची राख झाली होती. लवंगी दारातून नाक आत घालायची, वास घ्यायची आणि मागे सरायची. तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही. अंगणातच तीन पायांवर उभी राहिली.

हे आले, बघितलं, आणि फिनेलची रिकामी बाटली उचलून कुंपणापलीकडे भिरकावली. जेवायला बसले नाहीत. मला किंवा बापाला एका शब्दाने बोलले नाहीत. माणूस मनाचा वाईट नव्हता.

गुरुवारी डॉक्टर वेळेवर आले. उंच, चष्मेवाले, घाईतले. आधी तबेल्याच्या दारात उभे राहिले. पांढऱ्या भिंती, तोरण. "वा! मागच्या वर्षी मी ओरडून गेलो त्याचा उपयोग झाला म्हणायचा," ते म्हणाले. "मग जमिनीचं काम अर्धंच का ठेवलं?"

मग ते अंगणात लवंगीकडे वळले. तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. एकदा, दोनदा. वाकून गुडघा दाबला, ती थरथरली. ते सरळ झाले तेव्हा आवाज बदलला होता.

"धाकूबाबा, ही घोडी किती महिने आंधळी आहे?"

"सहा."

"आणि तुम्ही हिवाळाभर हिच्यावर पोरं बसवलीत? दरीच्या कडेने?"

"सपाटीनं नेत होतो, साहेब."

"सपाटीनं!" ते एवढ्या जोरात ओरडले की नूरभाई कुंपणामागून बाजूला झाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हातारा हात जोडून उभा होता, आणि हात जोडलेल्या माणसावर किती ओरडणार? शांतपणे म्हणाले, "बिल्ल्याचा विषयच नाही आता. तिचा गुडघा फुटलाय. घोड्याचं हे हाड जुळत नाही. डोळे असते तर निदान... नाही, तरीही नसतं जमलं. तिला वेदना होताहेत. तुम्ही हो म्हणालात तर मी इंजेक्शन देतो. दहा मिनिटांत संपेल."

मामंजी लवंगीच्या मानेला हात लावून उभे होते. मी देवाची प्रार्थना केली की त्यांनी नाही म्हणावं, आणि लगेच दुसरी केली की हो म्हणावं. त्यांनी मान हलवली.

"इथे उघड्यावर नको," डॉक्टर म्हणाले. "रस्त्याने लोक जातात, मुलं आहेत. आत घेऊ या."

"आत येत नाय ती," हे म्हणाले.

नूरभाई पुढे आले. "मागची भिंत कुडाचीच हाय. नंतर ती पाडून हिला बाहेर काढता येईल, तिथनं उतारावर..."

ह्यांनी लगाम धरून ओढलं. नूरभाईंनी मागून रेटलं. लवंगी उंबऱ्याशी तीन पायांवर पाय रोवून उभी राहिली. तुटलेला पाय टेकला की कळवळायची, पण आत जाईना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "थांबा, थांबा, हाल करू नका तिचे. बाबा, तुम्ही आत जाऊन हाक मारा. तुमच्या आवाजाला येईल ती."

मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं. "येईल," म्हणाले. "माझ्या हाकेनं दरीत उडी टाक म्हटलं तर टाकेल. म्हणून तर मारणार नाय." मग माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आजवर कधीतरी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले असते आणि मोकळी झाले असते. "सूनबाय, तू तिला चंदी घालतेस रोज. तुझा आवाज तिला ओळखीचा हाय. तू हाक मार."

"मामा, मी नाय..."

"कुणीतरी मारायलाच पाहिजे, पोरी. उभी राहून ती मरतेच हाय."

हे माझ्याकडे बघेनात. नूरभाई बघेनात. मी आत गेले. अर्धी काळी, अर्धी तांबडी जमीन, भिंतींचा पांढरा उजेड डोळ्यांत घुसत होता. मी गव्हाणीजवळ उभी राहिले. रोज सकाळी चंदीचं टोपलं खाली ठेवताना मी एक लडिवाळ हाक मारायचे. मोठी माणसं आजूबाजूला असली तर मारायला लाजायचे, कारण लहान लेकरासारखं बोललेलं होतं ते. डॉक्टर सुई भरून दाराआड उभे होते. बाहेर मामंजी दाराकडे पाठ करून उकिडवे बसले होते आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते.

मी हाक मारली.

लवंगीचे कान पुढे झाले. ती तीन पायांवर अडखळत उंबरा चढली, चुन्याचा वास, फिनेलचा वास, सगळं ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि तिने कपाळ माझ्या पोटाशी टेकवलं. दुसरी हाक मारावी लागली नाही.